सर्वांत वरची ओळ

डॉ. महिपत तोरस्कर मूर्ख होते. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. साधा मूर्ख माणूस कुणाचं फार नुकसान करत नाही, कारण त्याच्या हातात कुणी किल्ल्या देत नाही. तोरस्करांना संस्थेने किल्ल्या दिल्या होत्या, जीप दिली होती आणि केबिनच्या दारावर पितळी पाटीही ठोकून दिली होती. ते मूळचे राजापूरचे, पण कुणी विचारलं तर "मुंबई" म्हणायचे. कधीकाळी वर्षभर कुठल्याशा परदेशी विद्यापीठात राहून आले होते. त्याला चौदा वर्षं झाली तरी बोलताना "आमच्याकडे तिकडे" असं म्हणत. तिकडे म्हणजे कुठे हे विचारायची आम्हाला बंदी नव्हती, पण उत्तर फार लांबायचं म्हणून कुणी विचारत नसे.

मी हमिदा होडेकर, रत्नागिरीतल्या राजिवड्याची. माझे बावा, म्हणजे वडील, मुसा होडेकर, मच्छीमार बोटीवर तांडेल, खलाशांचे म्होरके, होते. गणितात बी.एस्सी. करून मी किनारा निरीक्षण केंद्रात लागले, ते टंकलेखक म्हणून. केंद्र म्हणजे भाट्याच्या पुलाअलीकडची एक कौलारू इमारत. खाडीतल्या पाण्याचे, मासळीचे, शिंपल्यांचे नमुने तपासायचे आणि आकडे मुंबईच्या मुख्यालयाला पाठवायचे, एवढंच आमचं काम. आमच्यासारखंच एक केंद्र कारवारला होतं. त्यांची प्रयोगशाळा आमच्यापेक्षा मोठी. शिंपल्यांतलं विष तपासायची सोय फक्त त्यांच्याकडे होती.

एकोणनव्वद सालच्या जूनमध्ये आमच्याकडे कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एक खोली वातानुकूलित केली गेली, तेव्हापासून तोरस्कर साहेब दुपारची डुलकी केबिनऐवजी तिथे काढू लागले. मशीन शिकायला कुणाला तरी तीन आठवडे मुंबईला पाठवायचं होतं. "टायपिंगचंच काम आहे ते," असं म्हणून साहेबांनी मला पाठवलं. माझ्यावर त्यांनी केलेला तो एकमेव उपकार, आणि तोही गैरसमजातून.

मुंबईत मी जे शिकले ते टायपिंग नव्हतं. टेलिफोनच्या तारेवरून एका मशीनची पत्रं दुसऱ्या मशीनला कशी जातात, ते मी शिकले. पत्त्याचे दोन भाग असतात. मधल्या ॲटच्या खुणेच्या डावीकडे माणूस आणि उजवीकडे त्याचं ठिकाण, ज्याला डोमेन म्हणतात. मशीनला माणसाशी देणंघेणं नसतं, ते आधी ठिकाण बघतं. कुठल्या ठिकाणचं पत्र कुठे द्यायचं हे सांगायला एक तक्ता लिहून ठेवायचा असतो. आमच्या तक्त्यात तीन ओळी होत्या. पहिली: पत्ता रत्नागिरीचा असेल तर पत्र इथेच ठेव. दुसरी: कारवारचा असेल तर कारवारला दे. तिसऱ्या ओळीत ठिकाणाच्या जागी नुसतं एक टिंब. टिंब म्हणजे कुठलंही ठिकाण, म्हणजेच बाकी सगळं मुंबईला दे. मशीन हा तक्ता वरून खाली वाचतं आणि जी ओळ पहिली जुळेल ती पकडतं. खालच्या ओळी मग ते बघतही नाही. म्हणून टिंब सगळ्यांत खाली हवं. शिकवणाऱ्या इंजिनिअरनी हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की वर्गातल्या एकाने वहीवर टिंब काढून त्याला पायच काढले होते, म्हणजे ते आपणहून खाली चालत जाईल.

परत येऊन मी तक्ता लिहिला. मशीन रोज सकाळी सातला आणि दुपारी दोनला मुंबईला आपणहून फोन लावायचं, तिकडची पत्रं घ्यायचं, इकडची द्यायचं. सकाळी आठला कारवारचा फोन यायचा. कारवारहून मुंबईची लाइन धड लागत नसे, म्हणून त्यांची सगळी पत्रं आमच्यामार्फत जायची. दोन महिने हे सुरळीत चाललं. मला वाटतं तेच साहेबांना खुपलं. काही अडलं असतं तर त्यांना ते सोडवता आलं असतं.

मग ऑक्टोबरमध्ये उद्घाटन ठरलं. दोन महिने चालू असलेल्या गोष्टीचं उद्घाटन. शुक्रवारी दुपारी मुंबईहून संचालक फोनवर हजर राहणार होते आणि इथे तालुक्यातले एक मान्यवर येऊन कळ दाबणार होते. सकाळी साहेब मशीनच्या खोलीत आले. मी तक्त्याचा कागद छापून फाइलला लावत होते. तो त्यांनी हातात घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मिस होडेकर, हे काय? मुख्यालय सगळ्यांत खाली?"

"साहेब, ती बाकीच्या सगळ्यांसाठीची ओळ आहे. ती शेवटीच लागते."

"आणि रत्नागिरी वर? मुख्यालयाच्या डोक्यावर? आज हा कागद पाहुणे बघणार आहेत."

"साहेब, मशीन वरून वाचतं. पहिली ओळ जुळली की पुढे बघत नाही. टिंब वर नेलं तर आपली स्वतःची पत्रंसुद्धा मुंबईला जातील."

ते हसले. मी राजिवड्याची पोरगी, मासळीच्या वासातून उठून आले, मला काय कळणार, असं ते हसणं होतं. मी ते ओळखत होते. शाळेपासून ऐकत आले होते.

"मशीनला ज्येष्ठता कळत नाही, असं म्हणताय? मग ती त्याला आपण शिकवायची. आमच्याकडे तिकडे मशीनला हवं तसं वागवतात. उठा."

मी उठले. ते माझ्या खुर्चीवर बसले आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी तिसरी ओळ पहिली केली. त्याला बावीस मिनिटं लागली. मग मला दोन ओळींचा कार्यालयीन आदेश टाइप करायला सांगितला: टपाल तक्त्यातील नोंदी ज्येष्ठतेनुसार लावण्यात आल्या असून पूर्वपरवानगीशिवाय क्रम बदलू नये. खाली झोकदार सही केली.

इथे मी माझंही सांगते. मला अजून बोलता आलं असतं. मुंबईच्या त्या इंजिनिअरना फोन करता आला असता. मी केला नाही. मला वाटलं, दुपारी चारचौघांत तोंडावर आपटू दे या माणसाला. मी खिडकीपाशी उभी राहून त्याची वाट बघत होते आणि खरं सांगायचं तर आनंदात होते.

आणि उद्घाटन उत्तम पार पडलं. कसं पडणार नाही? मान्यवरांनी पत्र पाठवलं ते मुंबईला. टिंबाची ओळ सगळंच मुंबईला पाठवत होती. दहा मिनिटांत संचालकांचा टेलिफोन आला की पत्र पोचलं, मी अभिनंदनाचं उत्तर मशीनवरूनच पाठवतो. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं, बस्स. त्यानंतर त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"यापुढे मशीन मी बघेन. तुम्ही टाइपरायटर सांभाळा."

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, लवू पेडणेकर खाडीवरून आला. लवू आमच्या केंद्राचा नमुने गोळा करणारा शिपाई. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, अंगाने काटकुळा. भाट्याला त्याचं घर. पाण्याकडे बघून त्याला जे कळायचं त्यासाठी साहेबांना तीन यंत्रं लागायची, आणि यंत्रं बहुधा बिघडलेली असायची.

"बाय, पानी तांबडं झालंय," तो मला म्हणाला. "कडेकडेनं पट्टाच धरलाय. मी असं बारा वर्सांमागं एकदा बगितलेलं. तवा तिसऱ्या खाऊन मानसं आजारी पडलेली."

तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या. भाट्याच्या बायका ओहोटीला त्या चिखलातून काढायच्या, बाजारात विकायच्या आणि घरीही खायच्या. लवूने डबाभर तिसऱ्या बर्फात घालून आणल्या होत्या. साहेबांनी नाक मुरडत सही केली आणि डबा गोव्यावरून कारवारला जाणाऱ्या एसटीने, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती, रवाना झाला. लवूने त्या दिवशी घरोघर जाऊन बायकांना सांगितलं की उत्तर येईपर्यंत कुणी खाडीत उतरायचं नाही. त्याचं ऐकलं सगळ्यांनी. ऐकलं म्हणजे घरात बसून राहिल्या, आणि तिसऱ्या काढल्या नाहीत तर दुसरं काम नव्हतं त्यांना.

सोमवारी मी साहेबांना विचारलं, "ती टिंबाची ओळ खाली घेतलीत ना?"

"मशीन अत्यंत व्यवस्थित चालू आहे," ते म्हणाले. "सकाळी सहा पत्रं आली, दुपारी सहा गेली. तुमच्या वेळी दिवसाला दोन यायची."

सहा पत्रं येतायत म्हटल्यावर मला वाटलं, यांनी कुणाला तरी विचारून गुपचूप दुरुस्त केलेलं दिसतंय. मंगळवारी सात आली, सात गेली. बुधवारी आठ. गुरुवारी साहेबांनी मला मुख्यालयासाठी अहवाल सांगितला: नवीन व्यवस्थेनंतर रत्नागिरी केंद्राचा पत्रव्यवहार चौपट झाला असून सर्व केंद्रांत तो सर्वाधिक आहे. मी टाइप केला.

लवू रोज सकाळी माझ्या टेबलाशी यायचा. "कारवारचं काय आलं?"

"साहेबांना विचारा, दादा."

साहेबांना विचारलं की ते म्हणायचे, नाही आलं. गुरुवारी भाट्याच्या चार बायका लवूबरोबर केंद्रात आल्या. पुढे होती जनी, लवूची भावजय. पस्तिशीची, रुंद हाडाची, मोठ्या आवाजाची बाई. ती चपला बाहेर काढून सरळ साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"सायेब, पाच दिस झाले. खाऊ का नको खाऊ, काय ता एकदा सांगा. आमी किती दिस बसून ऱ्हायाचं?"

साहेबांना बायकांचा घोळका केबिनमध्ये नको होता. त्यांनी मला हाक मारली आणि उभ्या उभ्या मजकूर सांगितला: कारवार केंद्राकडून कोणताही आक्षेप प्राप्त झालेला नाही, सबब भाट्ये खाडीतील तिसऱ्या खाण्यास योग्य समजण्यात याव्यात.

माझी बोटं कळांवर थांबली. "साहेब, आक्षेप नाही आलेला, पण उत्तरच नाही आलेलं. एकदा कारवारला ट्रंक कॉल लावून—"

"मिस होडेकर, विष असतं तर त्यांनी तातडीने कळवलं असतं. नाही कळवलं म्हणजे नाही. हे तर्कशास्त्र आहे. टाइप करा."

मी टाइप केलं. मनात म्हटलं, सही तुझी आहे, तू निस्तर. तो माणूस मला इतका तुच्छ वाटायला लागला होता की त्याच्याशी वाद घालणंही मला माझा अपमान वाटायचा. जनी तो कागद घडी घालून कमरेला खोचून गेली. मी दुपारचा डबा खाल्ला.

शनिवारी साहेब जीप घेऊन राजापूरला गेले. तिथल्या कुठल्याशा मंडळाने, तालुक्याचा सुपुत्र म्हणून, त्यांचा सत्कार ठेवला होता. ज्या गावाचं नाव सांगायची लाज वाटायची तिथे शाल घ्यायला मात्र त्यांना लाज वाटत नव्हती. मशीनच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशातच होती.

अकराच्या सुमाराला लवू धावत आला. तो धावताना मी कधी पाहिला नव्हता.

"बाय, जनीला बगा काय झालंय! सकाळच्या ओहोटीला काडलेल्या तिसऱ्या. भाकरीबरोबर खाल्ल्यान. आदी ओठ बदिर झाले म्हनाली, मंग बोटं. आता जीबच उचलत नाय तिची. रिक्षात घालून शिविलला नेली. डागदर सापानं चावलंय का म्हनून अंगावर खुना शोदतायत!"

"बाकी कुणी खाल्ल्या?"

"घरातली तिघं. त्यांचे ओठ मुंगयतात नुसते, ती बरी हायत. पन बाकीच्या बायका दोन पाट्या घेऊन बाजारात गेल्यात."

मी कारवारला ट्रंक कॉल लावायला घेतला. एक्स्चेंजवाली म्हणाली, दोन तास तरी लागतील. मग मी त्या कुलूपबंद दाराकडे बघितलं. आतून मशीनची घरघर ऐकू येत होती. आठ पत्रं आली, आठ गेली. कोण लिहीत होतं आम्हाला इतकं? कुणाचंच पत्र कुणाच्या हातात पडताना मी आठवडाभर पाहिलं नव्हतं.

"दादा, स्क्रू ड्रायव्हर आहे?"

लवूने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हत्यारांचा डबा आणला. कुलूप भक्कम होतं, पण कडीकोयंडा चार स्क्रूंवर होता. पाच मिनिटांत कुलूप कोयंड्यासकट खाली आलं.

मशीनवर मी पहिल्यांदा तक्ता उघडला. टिंब सर्वांत वर, जसंच्या तसं. मग पुढे जाण्यासाठी थांबलेल्या पत्रांची रांग उघडली. दुपारी दोनच्या फोनची वाट बघत तिथे अकरा पत्रं बसली होती. एकही आमच्याकडून कुणाला लिहिलेलं नव्हतं. सगळी आम्हालाच आलेली. पत्र ज्या मशीनमधून जातं तिथला शिक्का त्याच्या डोक्यावर बसतो, वेळ-तारखेसकट. सगळ्यांत जुन्या पत्रावर सोळा शिक्के होते. मुंबई, रत्नागिरी, मुंबई, रत्नागिरी. ते संचालकांचं अभिनंदनाचं पत्र होतं. मुंबई ते आम्हाला द्यायची, आमची वरची ओळ ते मुंबईला परत पाठवायची, आणि मुंबईचं मशीन, पत्ता रत्नागिरीचा बघून, पुन्हा आम्हाला. आठवडाभर तीच पत्रं सकाळी येत होती आणि दुपारी जात होती. साहेबांनी एकही पत्र न उघडता, पडद्यावरचे आकडे तेवढे बघून, त्यांनाच मोजून चौपट प्रगती लिहिली होती.

कारवारचं पत्र मधेच कुठेतरी होतं. त्याच्यावर दहा शिक्के. पहिला कारवारचा, सोमवार संध्याकाळचा. मग मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि आज सकाळ, असे पाच वेळा रत्नागिरी. पाच वेळा ते पत्र या खोलीत येऊन बसलं होतं. गुरुवारी मी "खाण्यास योग्य" टाइप करत होते तेव्हा ते माझ्यापासून एका भिंतीपलीकडे होतं.

मी उघडलं. पत्र चार ओळींचं होतं. नमुन्यात विषाचं प्रमाण घातक. तिसऱ्या काढणं आणि विकणं ताबडतोब बंद करा. बाधा झाल्यास ओठ, जीभ, हातपाय बधिर होतात, मग श्वास थांबतो. यावर उतारा नाही, पण कृत्रिम श्वास चालू ठेवला तर साधारण बारा तासांत विष उतरतं आणि माणूस वाचतो.

ते मी छापलं. लवूला म्हटलं, "तुम्ही भाट्याला जा. चुलीवर असेल ते ओतायला लावा." मी रिक्षा करून सिव्हिलकडे निघाले. राजिवडा वाटेवरच होता. बावा अंगणात जाळं विणत बसले होते. मी रिक्षातूनच ओरडले, "बावा, बाजारात जा! तिसऱ्यांत जहर आहे, भाट्याच्या बायकांना थांबवा!"

ते जाळं टाकून धावत सुटले. बाजारात गेल्यावर काय झालं ते मला नंतर कळलं. काशी नावाची विकणारी ऐकेना; साहेबाचा कागद हाय आमच्याकडं, म्हणून ती भांडायला उठली. बावांनी तिच्या दोन्ही पाट्या उचलून गटारात पालथ्या केल्या. तिने त्यांना पायातली वहाण मारली. ती त्यांनी खाल्ली आणि भर बाजारात, बोटीवर ओरडतात तसं ओरडून सगळ्यांना सांगितलं. तेवढ्या वेळात जे विकलं गेलं होतं त्यातले बरेचसे वाटे गिऱ्हाइकांनी परत आणून टाकले. दोघांनी आणले नाहीत. ते दोघे दुपारी सिव्हिलमध्ये आले; दोघेही वाचले.

मी सिव्हिलला पोचले तेव्हा जनी खाटेवर होती. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती. छाती हलत होती, पण कशीबशी. डॉक्टर तरुण होते, घामाघूम झालेले. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

"साप नाही," ते नर्सला म्हणाले. "बॅग आणा. लवकर."

ती रबरी फुग्यासारखी पिशवी तोंडावर धरून हाताने दाबत राहायचं. दाबलं की श्वास आत, सोडलं की बाहेर. आधी डॉक्टरांनी दाबली, मग नर्सने, मग मी, मग भाट्याहून परत आलेल्या लवूने. हात भरून यायचा, बोटं वळायची नाहीत, पण थांबायची सोय नव्हती. जनी सगळं बघत होती. तिला सगळं ऐकू येत होतं, हे तिनेच नंतर सांगितलं. संध्याकाळी सातच्या सुमाराला मी पिशवी दाबत असताना तिने आपल्या आपण एक श्वास घेतला, मग दुसरा. डॉक्टरांनी माझं मनगट धरून मला थांबवलं. लवू भिंतीला टेकून खाली बसला आणि रडू लागला.

साहेब सोमवारी आले. निखळलेला कडीकोयंडा बघून त्यांचं पहिलं वाक्य होतं, "हे सरकारी मालमत्तेचं नुकसान कुणी केलं?"

मी म्हटलं, "मी. आणि जनी जिवंत आहे, तुम्ही विचारणार होतात म्हणून सांगते."

त्यांनी विचारलं नसतं हे आम्हा दोघांना माहीत होतं.

चौकशी झाली. मुंबईहून तिघे आले. साहेबांनी त्यांना सांगितलं की तक्ता मूळ टंकलेखिकेने लिहिला, तिला अनुभव नव्हता. मी ज्येष्ठतेचा तो सहीचा आदेश पुढे ठेवला. तिघांतला एक, वयस्कर, चष्मेवाला, त्याने आदेश वाचून साहेबांना विचारलं, "ही ओळ वर का नेलीत?"

"मुख्यालय सर्वांत वर असतं," तोरस्कर म्हणाले.

आणि तिघांनीही मान डोलावली. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. एकाने तर ते टिपूनही घेतलं.

अहवालात लिहिलं गेलं: संगणक प्रणालीतील दोषामुळे संदेशास विलंब. डिसेंबरात तोरस्करांची बदली मुख्यालयात झाली, प्रशिक्षण विभागाचे प्रमुख म्हणून. सगळ्या केंद्रांच्या लोकांना ते मशीनवरून पत्रं कशी पाठवावीत हे शिकवणार होते. निरोपाच्या भाषणात ते म्हणाले की रत्नागिरीने मला खूप काही दिलं. मला आणि लवूला दार फोडल्याबद्दल ताकीद मिळाली. केंद्रात दुसरा टंकलेखक नसल्याने माझं ताकीदपत्र मीच टाइप केलं, तीन प्रतींत.

तक्ता मी त्या शनिवारीच, सिव्हिलला निघण्याआधी, दुरुस्त केला होता. एक ओळ खाली न्यायला चार सेकंद लागले होते. त्या चार सेकंदांचा विचार मी अजून करते. तोरस्करांना कळत नव्हतं. मला कळत होतं, आणि एका मूर्खाची फजिती बघायची म्हणून मी आठ दिवस तोंड मिटून बसले. त्याच्यासारख्या माणसाचा तिरस्कार करणं सोपं असतं. त्यात आपण स्वतःकडे बघायचं राहून जातं.

फेब्रुवारीत पाणी निवळलं. कारवारने लागोपाठ तीन नमुने तपासले आणि तिन्हींत काही निघालं नाही. तिसरं उत्तर सकाळी आठला आलं. मी ते छापलं आणि लवूबरोबर स्वतः भाट्याला गेले. ओहोटी होती. सुरूच्या बनापलीकडे बायका जमल्या होत्या, खाडीकडे बघत. जनी पुढे उभी होती. बरीच बारीक झाली होती. बोलताना तिचा खालचा ओठ अजून जरा मागे राहायचा.

मी कागद पुढे केला. "आता हरकत नाही. तपासलंय, तीनदा. आता काढा."

तिने कागद घेतला नाही.

"त्या दिशी पन कागूद दिलात," ती म्हणाली. "तो कुनी टायिप केलान?"

"मी केला."

"मंग?"

मी कागद खाली घेतला. लवू मधे पडायला लागला, "जने, हिनंच तुला—" पण तिने हात वर करून त्याला गप्प केलं.

"ठावं हाय मला. पिशवी दाबलीस ती बगितलाय मी. तेचं येगळं. कागदाचं येगळं." ती चिखलात उतरली, वाकली, हाताने चाचपून मूठभर तिसऱ्या काढल्या, आणि तशाच चालत घरी गेली. आम्ही सगळे तिच्या मागून गेलो. तिने त्या धुतल्या, उकळत्या पाण्यात टाकल्या, शिंपा उघडल्यावर ताटलीत काढल्या आणि ताटली माझ्यासमोर ठेवली. मीठसुद्धा घातलं नव्हतं.

"आदी तू खा," ती म्हणाली. "मंग आमी ऱ्हवू हितं दुपारपरयंत बसून."

मी पडवीत बसले. पहिली तिसरी गरम होती, बोट भाजलं. बायका दाराशी ओळीने बसल्या होत्या. मी दुसरी घेतली, मग तिसरी. जनी माझ्या ओठांकडे बघत होती.